कल्हईला आलेली श्रीमंती

नवसागराचा तो पांढराशुभ्र, झोंबरा धूर अजून माझ्या नाकात आहे. तापलेल्या पितळेला कथलाचा इवलासा तुकडा टेकवावा, वर चिमूटभर नवसागर टाकून कापसाचा बोळा झरझर फिरवावा, आणि धुराचा पडदा विरतो न विरतो तोच काळवंडलेल्या पातेल्याच्या पोटात लख्ख चांदणं उतरावं! किती मोहक दृश्य असायचं ते! पण खरं सांगू का, त्या चांदण्यावर माझा विश्वास कधी बसला नाही. कल्हई म्हणजे नखाएवढीही जाड नसलेली प्रभा. खालचं भांडं चेपलेलं असो वा तडकलेलं, वरून सगळं रुपेरी. वर्तमानपत्रात जेव्हा जेव्हा वाचते की अमका देश सुखाच्या पायरीवर इतका वर चढला आणि तमका इतका खाली घसरला, तेव्हा मला तो धूरच आठवतो. कुणी मोजलं हो हे सुख? कुणाच्या दारात उभं राहून? आणि दार उघडणाऱ्या बाईनं त्या वेळी पदर सावरला होता की नव्हता?

तुम्ही म्हणाल, म्हातारीला सवयच आहे शंका काढायची. आहेच मुळी! शाळेची पायरी मी चढले नाही; वाण्याच्या पुड्यांचे कागद जोडून जोडून वाचायला शिकले, आणि पुडीच्या कागदावरची बातमी नेमकी महत्त्वाच्या जागी फाटलेली असते. तेव्हापासून कुठलीही बातमी समोर आली की मी आधी तिचा फाटलेला कोपरा शोधते.

आमचं गाव पवना नदीच्या काठाशी, काळेवाडीपासून फार लांब नाही. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं लोटली होती. पिंपरीच्या माळावर औषधांच्या कारखान्याच्या भिंती वर चढत होत्या आणि आमच्या ओसरीवरून त्या दिसायच्या. देशभर पुरेल एवढं औषध तिथं होणार, असं पुरुषमाणसं अभिमानानं सांगत. आमच्या गावात मात्र बाळंतपणाला एकच सुईण, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्या धाकट्या जावेची, सरूची, दोन मुलं जन्मतःच गेली होती. त्या चैत्रात तिला पुन्हा पाचवा महिना लागला होता. ती हसायची, बोलायची, भाकरी थापायची. पण एखादं लहान मूल रडलं की तिचा हात पिठातच थांबायचा.  करायचं तरी काय? दवाखाना तालुक्याला, आणि श्रावणात नदी भरली की तालुका म्हणजे परदेशच!

अशा दिवसांत गावात बातमी आली की सरकारची पाहणी होणार, एक साहेब घरोघर येऊन चूल, दूध, भांडीकुंडी सगळं बघून जाणार. पाहणीचा हेतू काय, हे चावडीवर कुणी विचारलं नाही. लढाईच्या काळातली लेव्ही, म्हणजे धान्याची सक्तीची वसुली, पुरुषांच्या मनातून गेली नव्हती. त्यांनी मुकाट्यानं जोंधळ्याची पोती कडब्याखाली सरकवली. आणि बायकांनी? बायकांना एवढंच ऐकू आलं की परका माणूस आपली भांड्यांची फळी बघणार! आमच्याकडे फळी म्हणजे घराचा चेहरा. मुलगी बघायला पाहुणे आले की शेजारणीची पातेली उसनी आणून फळी भरायची, हा पिढ्यानुपिढ्यांचा रिवाज. त्यात कुणी फसवत नाही, कुणी फसतही नाही. पाहुण्यांच्या घरीही तेच झालेलं असतं. पण सरकार नावाचा पाहुणा मुलगी बघायला आलेला नाही, हे आमच्या ध्यानात कसं यावं?

भांडी आणायची कुठून? सगळ्यांचीच फळी रिकामी. आमच्या आळीच्या टोकाला कल्हईवाल्याचं घर होतं. त्याची बायको हमीदाभाभी, मनानं समुद्र आणि तोंडानं वादळ. लग्नसराईआधी नदीपलीकडच्या गावची झाडून सारी भांडी तिच्या अंगणात येऊन पडत. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, थेट तिच्या दारात गेल्या.

"भाभी, दोन दिसांसाठी जरा पातेली दे."

"लोकांची हायेत गं आत्या! माझी असती तर डोक्यावर ठेवून आणली असती."

"मग काय मी खानार हाय ती? बघू दे त्या सायबाला, आमच्यात बी काय कमी न्हाई."

"तुमची अब्रू आन् माझ्या नवऱ्याची मजुरी!" असं पुटपुटत भाभीनं परात काढून दिली, मग तपेलं, मग पातेल्यांची उतरंड. तासाभरात आळीतल्या साऱ्या बायका तिच्या अंगणात. एवढं करून भाभी स्वतःच्या फळीला मात्र विसरली. तिच्या चुलीपाशी दोन जर्मनची, म्हणजे हलक्या अॅल्युमिनियमची, भांडी तेवढी उरली होती.

साहेब आला तो सायकलवर, घामानं डबडबलेला, पुण्याकडचा कोवळा पोरगा. नम्र होता बिचारा; उंबऱ्याबाहेर वहाणा काढायचा. आमच्या फळीकडे बघून म्हणाला, "वा, वहिनी! परिस्थिती चांगली दिसते." आत्याबाईंची मान अशी ताठ झाली की जणू त्या कुठल्या संस्थानच्या राणीसाहेब! पाणी पिता पिता तो आम्हाला सांगू लागला: दिल्लीला अशा सगळ्या गावांचे हिशेब जमतात, मग देशाचा एक आकडा निघतो, आणि जगातले सगळे देश एका ओळीत उभे करून बघतात, कोण पुढं, कोण मागं. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, इतके देश त्या ओळीत उभे, तर त्यांच्यातही कुणी शेजाऱ्याची परात घेऊन उभं असेल का?

उठता उठता तो सहज बोलून गेला, "खरं तर या भागात एक नर्सबाई नेमायची आहे, दवाखान्यासकट. पलीकडचं गाव मी कालच पाहिलं. फारच दैना हो! एकेका घरात जेमतेम एक भांडं. तुमचं त्या मानानं बरं आहे. तिकडेच द्यावी लागेल."

 आणि सरू उठली. पाच महिन्यांची पोटुशी, थोरल्यांसमोर डोईचा पदर ढळू न देणारी ती पोर पुढं आली आणि म्हणाली, "सायेब, ही भांडी आमची न्हाईत. तुमी काल जी दैना बघून आलात ना, तीच हितं फळीवर मांडलीया."

"सरू!" आत्याबाई ओरडल्या. "आत हो!"

"न्हाई व्हायची. सायेब, कल्हईवाल्याकडं चला. त्याला इचारा, कुनाची पातेली हायेत."

साहेब हसला. वाईट हसला नाही. समजूतदार माणूस हसतो तसा हसला. म्हणाला, "ताई, आम्हाला शिकवलंय ना, गावात माणसं असलेलं लपवतात. दवाखान्याचं नाव निघालं की सगळे गरीब होतात. मी डोळ्यांनी दिसलं तेच लिहितो." आणि तो सायकलवर टांग टाकून गेलाही.

बघा हं, किती शहाणपणाची गोष्ट! आमचा सरकारवर संशय, म्हणून पोती कडब्यात. सरकारचा आमच्यावर संशय, म्हणून खरं बोलणारी खोटी. आणि या दोन संशयांच्या मधोमध जी निव्वळ लाज फळीवर चकाकत होती, तिच्यावर मात्र साऱ्यांचा अढळ विश्वास! मोजणाऱ्याची नियत खोटी होती असं मी म्हणत नाही. पण भुकेला पदर असतो, दुःखाला उंबरा असतो, आणि परक्याच्या पावलांची चाहूल लागताच दोघंही आत पळतात. जे ओसरीवर उरतं ते कल्याण म्हणायचं की कल्हई?

आत्याबाई सरूशी बोलेनाशा झाल्या. साऱ्या आळीची अब्रू वेशीला टांगली, असं म्हणायच्या. हमीदाभाभीच तेवढी त्यांना सुनवायची, "अब्रूला दूध पाजनार का आत्या तुमी, नातवाच्या जागी?" आत्याबाई तोंड फिरवून जात. पेरण्यांच्या सुमाराला पलीकडच्या गावात, रिकाम्या धर्मशाळेत, दवाखाना सुरू झालाही. सरू ओसरीवरून नदीकडे बघत बसायची. पाणी रोज थोडं गढूळ, थोडं रुंद होत होतं.

तुमचा जीव टांगणीला नको, म्हणून आधीच सांगून टाकते: सरूला मुलगी झाली, आणि ती जगली. आज ती स्वतः आजी आहे. पण मला सांगायचं आहे ते त्याआधीच्या एका सकाळचं.

आषाढात, होडी बंद व्हायच्या आधी, आत्याबाईंनी एकाएकी सरूचं गाठोडं बांधलं. मला म्हणाल्या, "चल." कारण विचारायची सोय नव्हती. आम्ही तिघी पलीकडे उतरलो. दवाखान्याजवळचं पहिलं घर कुणाचं, आम्हाला ठाऊक नव्हतं. ओळख ना पाळख. दारात एक बाई तांदूळ निवडत होती. उभ्या जन्मात कुणाकडे मीठ मागताना सुद्धा आत्याबाई आधी स्वतःच्या माहेरचं ऐश्वर्य सांगायच्या. त्या अंगणात उभ्या राहिल्या.  मला वाटलं, आता सोयरिकीचं काहीतरी रचून सांगतील.

"बाई," त्या म्हणाल्या, "पोरीची दोन गेलीत. बाळंत हुईस्तवर हितं ठिवायची हाय. द्यायला आमच्याकडं काय बी न्हाई."

इतकं नागवं, इतकं अचूक वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं आणि पुढंही कधी ऐकलं नाही. कुठल्या साहेबाला ते मिळालं असतं? त्या बाईनं सूप बाजूला ठेवलं. सरूच्या पोटाकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे.

"मग भाईर का उभ्या, आक्का?" ती म्हणाली. "पोरीला उन्हातनं आत घ्या आदी."