ज्यांच्या वहाणा झिजत नाहीत

गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमोण्याच्या धक्क्यावर खनिज भरायला येणाऱ्या बार्जही थांबल्या, आणि तिथे मुकादमी करत आयुष्य काढलेला मी घरी बसलो. बरोबरच्यांपैकी कुणी ट्रक विकून रिक्षा घेतली, कुणी सिंधुदुर्गात आपल्या गावी काजू राखायला परत गेला. मी कॉमिक्स वाचायला लागलो. मुलीने कॉलेजात असताना जमवलेला ढीग खोलीत पडून होता, वाळवीच्या आधी मी पोचलो एवढंच. इंग्रजी मला साहेबाच्या शिव्या कळण्यापुरतं येतं. कॉमिक्सला तेवढं पुरून उरतं. बायकोने शेजारीपाजारी सांगून टाकलं की आमच्या ह्यांना आता चित्रं बघायचा नाद लागलाय.

मुलगी फोंड्याला नोकरीला होती. शनिवारी घरी यायची ती नव्यातली दोन-तीन कॉमिक्स घेऊन, आणि रविवारी सकाळी चहा आणि उंडा पावाबरोबर माझी मतं ऐकायची.

मतं माझ्याकडे भरपूर. जग बुडायला येतं ते दरवेळी त्याच उंच इमारतींच्या शहरात. डिचोलीच्या बाजारात ते एकदाही बुडायला आलेलं नाही. बहुतेक गाडी लावायला जागा मिळत नसावी. महावीर मरतो, साऱ्या शहराला सुतक लागतं, आणि बाराव्याचं जेवण निवायच्या आत स्वारी परत हजर. अलीकडे तर एकाच माणसाचे वेगवेगळ्या जगांतले अवतार एका ठिकाणी जमतात आणि खरा कोण यावरून भांडतात. हे मी देवस्थानच्या सभेत फुकट बघत आलोय.

जादूच्या राज्यांचं आणखी वेगळं. आधी दोन पानी नकाशा, मग उच्चार करताना जीभ अडकेल अशी नावं, आणि शेवटी राजाचा हरवलेला वारस निघतो तो एखादा मेंढपाळ. आमच्याकडे हरवलेले वारस जमीन विकायला काढल्याशिवाय निघत नाहीत, आणि मग पार पोर्तुगालहूनही निघतात. एक म्हातारा जादूगार तेवढा मला आवडला होता, त्याचे गुडघे दुखायचे. तिसऱ्या भागात त्यालाही तरुण करून टाकला.

विज्ञानकथा मी मोठ्या आशेने उघडली, कारण तीत एका दूरच्या ग्रहावर खाण होती. बघतो तर कामगारांचे कपडे इस्त्रीचे, दात पांढरे, ताटात धुळीचा कण नाही. माणूस तारे गाठेल हे मला मान्य आहे. पण खनिजाची धूळ भातात पडणार नाही अशी सोय कंपनी करेल, एवढी कल्पनाशक्ती माझ्याकडे नाही.

आणि मुख्य तक्रार पायांची. ही महावीर मंडळी रात्रभर शहर राखतात, छपरांवरून उड्या मारतात, आणि बूट बघावेत तर आत्ता दुकानातून आणल्यासारखे. आमच्या गावचा राखणदार रात्री वेशीवरून फेरी मारतो म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, आणि पुढच्या वर्षी बघावं तर तळ झिजलेले असतात. देव असून झिजतात. ज्याच्या वहाणा झिजत नाहीत तो कसली डोंबलाची राखण करतो, हे मी मुलीला दर रविवारी ऐकवायचो. ती हसून उंडा चहात बुडवायची.

मग एकदा ती मधल्याच वारी घरी आली, सामानासकट. नोकरी सोडली म्हणाली. गेली काही वर्षं ती रात्री बसून स्वतःचं कॉमिक काढत होती, ते पुरं झालं होतं, आणि एका प्रकाशकाने बघायला मागितलं होतं. बायकोने कपाळावर हात मारला. नोकरी चांगली होती, आणि त्या नोकरीकडे बघूनच एक स्थळ चालून आलं होतं.

मुलीने कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

"बाबा, तू सगळ्यांका हसतंस. ह्याकाव हसलंस तर मी परत नोकरेक जातलंय. पण खोटा बोलू नको."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की, आता हसला नाहीत तर रात्री जेवायला वाढणार नाही. हसायचं तर मला जन्मभराचं वळण. एकदा हसलो असतो तर नोकरी, स्थळ आणि घरातली शांतता, तिन्ही जागच्या जागी राहणार होती. मी चष्मा पुसला आणि चांगल्या हेतूने चुका शोधायला बसलो.

वीर म्हणून राखणदारच होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. जग वगैरे काही बुडत नव्हतं, खाडीचा बांध फुटला होता आणि तो एकटा माती ओढत होता. खलनायकाच्या मिशा पाहून माझा ओठ हलला. मुलगी माझ्या तोंडाकडेच बघत होती, म्हणून खोकून घेतलं.

शेवटच्या पानावर सकाळ होती. राखणदार कुठेच नव्हता. एका घराचा उंबरा होता आणि उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या वहाणा, तांबड्या धुळीने माखलेल्या. डावीचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला आणि तळ बाहेरच्या बाजूने झिजलेला.

धक्क्यावर बार्जचा दोर पायावर बसल्यापासून माझा डावा पाय तसाच पडतो. रात्रपाळीहून आलो की धूळ घरात नको म्हणून मी वहाणा बाहेर काढायचो आणि झोपून जायचो. ती शाळेला निघायची तेव्हा मी घोरत असायचो. त्या वहाणांकडे कुणी बघत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. डोळे भरून आले, आणि ते लपवायला एक विनोद सुचेल तर शपथ.

बायको दारातून खुणा करत होती.

"डाव्या वहाणेचो तळ भायल्या अंगान आणखी झिजव," मी म्हटलं. "बाकी आसा तसा धाडून दी."

मुलगी उठून दाराबाहेर गेली आणि तिथे काढलेली माझी वहाण उलटी करून निरखून बघायला लागली. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तो आठवडा मुलगी जनेलातून येणाऱ्या उजेडात बसून कागदावर तळ झिजवत होती.