बेसिनचं वरचं भोक

माझ्या घोडेगावच्या घरात आला तसा पूर डिंभे धरणानंही पाहिला नसेल. बाथरूममधलं बेसिन भरून वाहिलं, पाणी हॉलमध्ये शिरलं, आणि माझी एक चप्पल तरंगत महाळुंगे पडवळपर्यंत गेली, असं मी चारचौघांत सांगत आलोय. पुढचं मात्र गाळत आलोय.

आई बूच लावून, नळ सोडून फुलं तोडायला गेली होती. तरीही बेसिन सांडायला नको होतं. जादा पाणी जायला काठाखाली एक भोक असतं, पण तेच बंद होतं.

"फुटलं व्हतं रं तिथं," ती म्हणाली.

"फुटलंय तुझं डोकं! जा त्या घाटघरलाच!" मी ओरडलो.

सकाळच्या एसटीनं ती भर पावसात गावी, घाटघरला, माझ्या थोरल्या भावाकडे गेली. दोन महिन्यांनी तिकडेच वारली.

तेरावं झाल्यावर माझी थोरली बहीण अक्का, घाटघरातच दिलेली, चार दिवस माझ्याकडे आली. बेसिनला वास येतो म्हणाली. मी ब्रेकची तार वाकवून त्या भोकात घातली. निघता निघेना, इतकं ठासलेलं. शेवटी कुंडीतली माती, कुजलेलं गवत आणि लुगड्याची चिंधी, असा गोळाच बाहेर आला.

"अगं बया! हे तर खेकड्याचं बीळ बुजवलंय," अक्का म्हणाली.

मला लहानपणीच शिकायला मामाकडे धाडलेलं, त्यामुळे भाताचं काम मी कधी केलंच नाही. अक्कानं सांगितलं, खाचराच्या बांधाला खेकडं बिळं पाडतात आणि सगळं पाणी निघून जातं. आई रोज बांधावर फिरून चिखल-गवतानं बिळं ठासायची. "लई जपायची पाण्याला. तुझं पाणी वाया चाललंय असं वाटलं असंल तिला."

अक्का हसली, मग पदरानं डोळे पुसत राहिली.

"पण एवढ्या पावसात ती घाटघरला आली कशापायी रं? आमाला म्हणाली, करमत न्हाई."

एवढ्याशा प्रश्नाला मी एरवी तीन गोष्टी रचून सांगितल्या असत्या. एक तर तोंडापर्यंत आलीही होती.

"मीच जा म्हणालो, अक्का."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तो गोळा माझ्या हातातून काढून घेतला आणि कितीतरी वेळ तशीच धरून उभी राहिली.