गोटमारच्या दिवशी मायची खाट

"पुसून घे, अन् मंग जा."

डॉक्टरनं फडकं माझ्या पायाशी फेकलं. हुडहुडीनं कापता कापता मायची लघवी गादीतच झाली होती. तिले त्यानं खाटेवरून उठवलं, बाहेर ओसरीत फरशीवर टाकलं. आता ती खाट दुसऱ्यासाठी पाहिजे होती.

मागच्या पोळ्याचा दुसरा दिवस. पांढुर्ण्यात गोटमार. जाम नदीच्या इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, दोन्ही गावं एकमेकांवर गोटे फेकतात. त्या दिवशी फुटक्या डोक्याले भारी मान. कपाळाले चंडीमायची राख लावून एका सेठचं जवान पोरगं आलं, मागं जयजयकार करत लोकं. दोन टाक्याचं काम होतं त्याचं.

मी केव्हाची सांगून राहिली होती, "साहेब, मायले शुगर हाय. थंडी वाजून ताप येते. उलट्या होतात. पाठीले एका बाजूनं हात लावू देत नाही." त्यानं ना शुगर पाह्यली, ना लघवी तपासली. साऱ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या मोहल्ल्यातल्या बाया धुतच नाहीत. घाण तुम्ही करायची, अन् निस्तरायची आम्ही?"

लोकं हसले. ते पोरगं बी हसलं, रक्त पुसता पुसता.

अन् मी, मेली, खाली बसली. पुसाले लागली. वाकाची सवयच हाय ना आम्हाले! अर्धी गादी पुसली अन् ओसरीतून मायचा आवाज आला, "पोरी, मले अशी फरशीवर नको मरू देऊ वं."

डोक्यात आगच लागली. उठली. ते ओलं फडकं डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं, त्याच्या चहाच्या कपाजवळ.

"तुम्हीच पुसा."

रस्ते गर्दीनं तुंबले होते. मायले पाठीवर घेऊन स्टेशन गाठलं, नागपूरची गाडी धरली. तिथल्या डॉक्टरीणबाईनं तपासलं अन् म्हणाल्या, "किडनीत पू झालाय. शुगरच्या पेशंटमध्ये हे फार लवकर पसरतं. याला थांबून चालतच नाही." शिरेतून औषधं दिली, इन्सुलिन दिलं, पाठीतून नळी टाकून पू काढला. तरी एक किडनी काढाच लागली. माय वाचली. पण संत्र्याच्या तोडाईत पोरींच्या पुढं पळणारी माझी माय आता भिंत धरून चालते.

परवा डॉक्टरचा निरोप आला. "झालं गेलं जाऊ दे, बाई. सणाच्या दिवशी गडबड होतेच."

काहून जाऊ देऊ? तक्रार टाकली हाय मी, मागं घेत नाही. त्याले झोप लागू देणार नाही. अन् यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मायले घेऊन त्याच दवाखान्यात जाईन. मोहल्ल्यातल्या साऱ्या शुगरवाल्या बाया संग असतील. माय त्याच खाटेवर बसेल. मंग फुटकं डोकं घेऊन सेठचं पोरगं येवो, नाही तं सेठ येवो. पहिले माझ्या मायले तपासाचं.

अन् उठव म्हणेल ना तो, तं त्यानं या खेपेले साऱ्या बायांसमोर हात लावून उठवून दाखवावं.