मीठ कोण चाखणार?

चार बायका एका शेगडीभोवती उभ्या राहिल्या की पोहे संपतात, किस्से उरतात! आमच्या बचत गटाला सरकारी योजनेतून मोहर्लीच्या सफारी गेटजवळ कॅन्टीन मिळालं, तेही तीन महिन्यांच्या बोलीवर. मग योजनेचे साहेब स्वतः जेवून बघणार, पसंत पडलं तर कायमचं. तेव्हापासून इतकं साठलंय, की पूजेला बसले तरी मध्येच हसू फुटतं. देवा, क्षमा कर!

*

नाव नोंदवताना योजनेच्या मॅडमनी आमच्या रेखाला विचारलं, "काय काय येतं तुम्हाला?"

रेखाचा नवरा गेलेला, पदरात एक मुलगी. निराधारांच्या मदतीसाठी रांगेत उभं राहून राहून जीव विटलेला.

"सगळंच येते मॅडम," ती म्हणाली, "आजवर कोणी विचारलंच नाई!"

*

ट्रेनिंगमध्ये शिकवलं, गिऱ्हाईक म्हणजे देव. आमच्यातल्या शांताबाईंनी ते फारच मनावर घेतलं. पुण्याच्या एका पाहुण्याला लग्नाच्या पंगतीतला आग्रह सुरू! "घ्या ना भाऊ, लाजून काऊन राह्यले?" बाहेर जिप्सीवाला हॉर्न वाजवतोय. पाहुणा काकुळतीला आला, "बाई, वाघ बघायचाय हो!"

"वाघ कुठी पळून राह्यला? इथलाच हाय तो. भजे थंडे होऊन राह्यले!"

*

पहिल्या संकष्टीला मात्र फजिती झाली. रेखा सोडून आम्हा सगळ्यांचे उपास, चाखणार कोण? तिला विचारायचं कुणाला सुचलंच नाही. प्रत्येकीला वाटलं, मीठ दुसरीनं घातलं असेल. लोकांनी प्लेटा तशाच ठेवल्या. एक डॉक्टर तेवढे खूश. "वा! बीपीवाल्यांचा विचार करणारं पहिलंच कॅन्टीन!"

तेव्हापासून चाखायचं काम रेखाकडे. ती बुद्धविहारात जाणारी, आमचे उपास तिला नाहीत. चमचा घेऊन ऐटीत उभी राहायची. "थांबा! आधी मी पास करतो, मंग गिऱ्हाईक!"

*

साहेब यायचा दिवस नेमका संकष्टीचा. रेखा आदल्या दिवशी माहेरी, भद्रावतीला गेलेली. सकाळी तिचा फोन, "काकू, बस उभी हाय. वाघ बसला रस्त्यावर!"

"हॉर्न वाजवा म्हणावं!"

"कंडक्टर म्हणते, तुम्हीच उतरा अन् उठवा त्याले!" मग तिचा आवाज खाली आला. "काकू, आज कॅन्टीन गेलं तर मले पुन्हा त्या रांगेत जा लागन."

साहेब टेबलाशी येऊन बसले. शेगडीवर वांग्याची भाजी रटरटत होती. बावीस वर्षांत माझी एकही संकष्टी मोडली नव्हती. मी बाप्पाला हात जोडले आणि चमचाभर रस्सा तोंडात घातला.

मीठ कमी होतं!

चिमूटभर घालून वाढलं, तर साहेबांनी भाजी दोनदा मागून घेतली. कॅन्टीन आमचं झालं. रेखा पोचली तेव्हा आम्ही भांडी घासत होतो.

*

पुढच्या संकष्टीला रेखा काही चमचा हातात धरेना.

"सकाळपासून पाण्यावर आहो काकू."

"अगं, तू कुठे संकष्टी करतेस?"

"तुमच्या गणपतीसाठी नाई हो. तुमचा एक उपास मोडला ना माझ्यापायी, तेवढा भरून देऊन राह्यली."

बाहेर तीन जिप्सी येऊन थांबल्या. शांताबाईंनी भाजीच्या पातेल्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अवो बाई! मंग आज मीठ कोण चाखन?"