सप्टेंबरमधले सात

छापखान्यात तिला सगळे लालबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तेवढी कोणाची छाती नव्हती. ती मुद्रितं तपासायची, आणि तिच्या लाल पेनाच्या तावडीतून सुटून आलेला कागद पाहिला की कंपोझिटर कपाळावर हात मारून घ्यायचा. मी तिथे बाइंडर होतो. माझ्याशीही ती कधी गोड बोलली नाही.

मालक तिचा सख्खा धाकटा दीर. नवरा गेल्यावर त्याने तिला कामावर घेतलं आणि ते उपकार तो चारचौघांत बोलून दाखवायचा. "वहिनींना घरी बसवलं असतं तर भिंतींच्या चुका काढल्या असत्या." लोक हसायचे. ती मान वर करायची नाही.

त्या वर्षी एका शाळेच्या दिनदर्शिकेचं काम आलं. प्रत्येक महिन्याखाली त्याच्या नावाची माहिती हवी होती. बाईने तीन आठवडे वाचनालयात घालवले. फेब्रुवारी हा शुद्धीकरणाच्या लॅटिन शब्दावरून आला, हे आम्हाला तिच्यामुळेच कळलं. सप्टेंबरखाली तिने लिहिलं: 'लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात. जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून हा सातवा महिना.'

शेवटच्या मुद्रितावर सही करून ती घरी गेली आणि मालकाची नजर नेमकी तिथे पडली. "सातवा? बोटं मोजता येत नाहीत का हिला?" त्याने माझ्यादेखत कंपोझिटरला सातचे नऊ करायला लावले, दोन्ही ठिकाणी.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापिका दिनदर्शिका फडकावतच आत आल्या. "सेप्टेम म्हणजे नऊ? अहो, पालक हसताहेत आम्हाला!"

मालकाने लगेच बोट दाखवलं. "वहिनींना विचारा. माहिती त्यांची."

यंत्र बंद होतं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. बाई उठली. "मी सात लिहिलं होतं. माझ्या सहीचं मुद्रित काढा."

"ते रद्दीत गेलं," मालक म्हणाला. "आणि नवव्या महिन्याला सातवा म्हणायचं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"जानेवारी आणि फेब्रुवारी पुढे वर्षाच्या सुरुवातीला आले, म्हणून तो नववा झाला. नाव सातचंच राहिलं. हे तुम्हाला माहीत नाही, तो गुन्हा नाही. माझ्या नावावर खपवताय, तो आहे."

कंपोझिटर स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मीही. नोकरी जायची भीती होती, एवढंच सांगू शकतो.

मालकाने तिला पालकांसाठी माफीपत्र लिहायला सांगितलं, तिच्याच नावाने. ती "बरं" म्हणाली. दुपारी मजकूर तयार झाला. मालकाने 'दिलगिरी' हा मथळा तेवढा पाहिला आणि कागद छपाईला दिला. बाईने तपासलेलं पुन्हा वाचायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. कंपोझिटरने अर्थातच वाचलं, पण तोंडातून ब्र काढला नाही. मी घड्या घालताना वाचलं आणि घड्या घालत राहिलो.

घरोघरी पत्र गेलं: 'मी सात लिहिले होते. माझे दीर, या छापखान्याचे मालक, यांनी मला न विचारता नऊ केले व दोष माझ्यावर ढकलला. अशा माणसाच्या हाताखाली अकरा वर्षे काम केल्याबद्दल मी दिलगीर आहे.'

शाळेने काम काढून घेतलं. मालक तिच्या टेबलावर थाडकन हात आपटून ओरडला, "घरची अब्रू वेशीवर टांगलीत!"

"माझी टांगलीत तेव्हा ती घरची नव्हती?" तिने चष्मा डब्यात ठेवला, पर्स उचलली आणि निघाली. महिन्याभरात ती समोरच्या गल्लीतल्या छापखान्यात तेच काम करू लागली.

दोन्ही कुटुंबं एकाच घरात राहत, ती वरच्या मजल्यावर, दीर खाली. जिन्यात समोरासमोर आले की एकजण भिंतीकडे तोंड करून थांबायचा. जावेने एकदा मध्यस्थीचा प्रयत्न केला. बाईने दार उघडलंच नाही.

मला बरेच दिवस चैन पडेना. शेवटी तिच्याकडे गेलो आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो, "बाई, मी त्या दिवशी खरं सांगायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. "आता काय उपयोग?"

आणि तिने दार लावून घेतलं.