काम सोड म्हणला का?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे, एका माणसाला सांगितलं आहे, पण त्याने ते तिथल्या तिथे पुरून टाकलं, त्यामुळे ते सांगण्यात धरता येत नाही. तुम्हाला सांगते आहे. कुठून सुरू करायचं हे ठरवलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. त्यामुळे कागद माझ्याकडे येतो, फोनवरचा इंग्रजी मेसेज माझ्याकडे येतो, आणि मी जे सांगेन ते घरात खरं असतं. कुणी पडताळून पाहत नाही. — हे आधी लक्षात ठेवा.

अण्णा म्हणजे माझे वडील. मंचरच्या अलीकडे एका कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर आहेत. त्यांचं सगळं तारुण्य तिथेच गेलं. पठारावरचे शेतकरी बटाट्याचं बेणं तिथे आणून ठेवतात आणि लागवडीच्या तोंडावर घेऊन जातात. मधले महिने ते बेणं थंडीत झोपवून ठेवायचं — अण्णांचं काम एवढंच. यंत्रं चालू राहिली पाहिजेत, तापमानाचा काटा हलता कामा नये. लाईट गेली तर जनरेटर. जनरेटर रुसला तर मिस्त्रीला फोन, शेठला फोन, आणि तोवर दारं घट्ट बंद करून उभं राहायचं. ऐकायला सोपं आहे. मलाही सोपंच वाटायचं.

तिथे एक पद्धत आहे. माल ठेवायला आलेला शेतकरी पहिल्या गोणीला ऑपरेटरचा हात लावून घेतो. पावती शेठच्या ऑफिसातून मिळते, पण हात ऑपरेटरचा. ‘अण्णा, तुमच्या हवाली.’ एवढं म्हणायचं आणि मग बाकीच्या गोणी आत जातात. लहानपणी मला याचा अभिमान वाटायचा. पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा अमोनियाची बाटली उघडली, तेव्हा बाकीच्या मुलींनी नाकाला ओढण्या लावल्या. मला तो वास घरचा वाटला. कोल्ड स्टोरेजची यंत्रं अमोनियावरच चालतात, अण्णांच्या शर्टाला तोच वास असायचा.

एका वर्षी वादळात लाईट गेली, जनरेटर उशिरा सुरू झाला, आणि एका चेंबरमधल्या बेण्याला अवेळी कोंब आले. चूक अण्णांची नव्हती. शेठने शेतकऱ्यांशी बसून मिटवलं. पण एक म्हातारे बाबा, त्यांनी गोणीतला एक बटाटा काढला, अंगठ्याने कोंब मोडला आणि म्हणाले, “अण्णा, तुमच्या हवाली केलं व्हतं.” रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं अण्णा नंतर कितीदा तरी म्हणाले.

तेव्हापासून सुरू झालं. घरी यायला निघालेले अण्णा अर्ध्या वाटेतून मागे फिरायचे, काटा पुन्हा बघायला. सुट्टी घेईनात. कुणी हाक मारली तर दचकायचे. आमच्या घरी फ्रीज आहे. फ्रीज गार झाला की मध्येच थांबतो ना, तसा तो थांबला की अण्णांचा घास थांबायचा. पुन्हा घरघर सुरू होईपर्यंत ते चावत नसत. आईच्या हे लक्षात आलेलं नव्हतं. माझ्या आलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मग छातीत आवळायला लागलं. कोल्डच्या गेटपाशी गाडी उभी करून ते हेल्मेट न काढता बसून राहायचे. हेही त्यांनीच मला हसत हसत सांगितलं. “वाचमनला वाटतं मी फोनवर बोलतोय. म्या म्हणलं, वाटू दे.” आणि मग हळूच, “ताई, जमंना गं आता.” मला घरात ताई म्हणतात. मी काय म्हणाले? मी म्हणाले, डॉक्टरांना दाखवू.

बरोबर मीच गेले. डॉक्टर मराठीच, आपल्याच भागातले. तरी अण्णांनी मला नेलं. त्यांना वाटायचं, दवाखान्यातलं बोलणं शिकलेल्या माणसालाच कळतं. जाताना गाडीवर म्हणाले, “डॉक्टरला एवढं इचार, काम सोडावं लागंल का.” मला वाटलं, त्यांना भीती वाटते आहे. — की मी तसं वाटून घेतलं?

कार्डिओग्राम निघाला. अण्णा आत पडद्यामागे छातीवरचं जेल पुसत होते. डॉक्टर मला बाहेर घेऊन आले आणि खूप नीट बोलले. म्हणाले, हृदयाला काही झालेलं नाही. पण हा माणूस आतून संपत आलाय. हा चिंतेचा आजार आहे आणि तो खरा आजार आहे, मनाचे खेळ नाहीत. औषधं घ्यावी लागतील, पुण्याच्या मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. आणि काही महिने तरी हे काम बंद करायला लावा. कायमचं सुटलं तर आणखी चांगलं. मग म्हणाले, “तुम्ही शिकलेल्या आहात. मी सांगितलं तर ते घाबरतील. तुम्ही त्यांना घरी शांतपणे समजावून सांगा.”

मी मान हलवली.

मी दवाखान्याबाहेर आले. अण्णा गाडीला किल्ली लावून थांबले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “काम सोड म्हणला का?”

मला इथे थांबावंसं वाटतं आहे. दरवेळी इथेच थांबते.

त्या प्रश्नात भीती नव्हती. मला तेव्हाच ऐकू आलं होतं. ती आशा होती. अठ्ठेचाळीस वर्षांचा, हातापायाने धड माणूस आमच्याकडे पर्मनंट नोकरी सोडून घरी बसू शकत नाही. भावकी विचारते, सोयरे विचारतात, चहाच्या टपरीवर विचारतात. ‘मला सहन होत नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही. ‘डॉक्टरनं सांगितलं’ हे चालतं. त्यापुढे कुणी बोलत नाही. अण्णांना तेवढंच वाक्य हवं होतं. ते वाक्य माझ्या हातात होतं, डॉक्टरांनी नुकतंच दिलेलं.

मी म्हणाले, “नाही. हृदयाला काही नाही म्हणाले. काम चालू ठेवा म्हणाले. मनावर घेऊ नका.”

का? त्याच आठवड्यात मला पुण्याला एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. अण्णा घरी बसले असते तर मीही घरीच राहिले असते, असं मला वाटलं. कुणी तसं म्हटलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. आणि दुसरं, जे पहिल्याहून वाईट आहे: ‘मनोविकार’ हा शब्द मला आमच्या घरात नको होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचं घर वर येत होतं. त्या घरात हा शब्द? वर्गात विज्ञान शिकणारी मी. तुम्हाला हसू येत असेल.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते की मी अर्धं तर खरंच सांगितलं. हृदयाला काही नाही, हे खरंच होतं ना? अर्ध्या खऱ्याचा फार उपयोग होतो. त्यावर वर्ष-सव्वा वर्ष काढता येतं.

अण्णांनी ते मुकाट्याने घेतलं. “बरं झालं,” म्हणाले, आणि गाडी सुरू केली. त्यानंतर ‘जमंना’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. गेटपाशी बसून राहिल्याची गोष्ट पुन्हा सांगितली नाही. छातीत आवळलं की ते आपल्याच छातीवर थापा मारायचे, अडून बसलेल्या बैलाला मारतात तशा, आणि म्हणायचे, “नाटकं करतंय.” मी सुट्टीला आले की हे बघायचे आणि आतल्या खोलीत जायचे. एकदा आले तर फ्रीज बंद होता. प्लग काढून ठेवलेला. आई म्हणाली, “बिल लई येतं म्हनून तेंनीच काढला.” मी फ्रीजचं दार उघडून आतल्या कोरड्या कप्प्यांकडे बघत उभी राहिले. तेव्हा तरी बोलायला नको होतं का? मी दार लावलं आणि पुण्याची बस पकडली.

राग येतो. डॉक्टरांचा येतो, तुम्हीच का नाही सांगितलंत त्यांना तोंडावर? शेठचा येतो, जो अण्णांना ‘तुमच्याशिवाय पान हलत नाही’ म्हणून सणासुदीलाही बोलावतो. गावाचा येतो. सगळ्यांचा राग येऊन झाला की शेवटी त्या गाडीपाशी उभी असलेली मीच उरते.

या दिवाळीच्या सुट्टीत अण्णांबरोबर मंचरला गेले होते. हायवेच्या कडेला चहाला थांबलो तर तिथे बबनकाका भेटले, अण्णांचे जुने मित्र. ते दुधाचा टँकर चालवतात. पूर्वीचे बबनकाका म्हणजे हसण्याने टपरी हलवणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला होता.

“ही का तुझी सायंटिस्ट?” त्यांनी विचारलं.

“हीच. घरात मीठबी मोजून टाकती.”

हसले दोघं. मग बबनकाका खालच्या आवाजात बोलायला लागले. स्टेअरिंगवर बसलं की हाताला घाम सुटतो. मागून ट्रकने हॉर्न दिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. “येक दिवस टँकर कडंला घेतला आन् तसाच बसलो, राव. गाडी सोडावी का काय, कळंना.”

मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे सांगतील — गेट, हेल्मेट, सगळं.

अण्णांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “काय नसतं बबन्या. माझं बी सेम व्हतं. कार्डिओग्राम काढला, ही संगं व्हती, हिनं सोता डॉक्टरला इचारलं. काय नाय म्हणला. काम सोडू नगं म्हणला. आपलंच मन नाटकं करतं. दाबायचं आन् चालवायचं.”

बबनकाकांनी माझ्याकडे बघितलं. शिकलेल्या माणसाकडे बघतात तसं, खरं आहे ना, म्हणून.

मी मान हलवली. पुन्हा.

परत येताना मी अण्णांच्या मागे बसले होते. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुतेक बोलता आलं. पाठीकडे बघत सगळं सांगितलं: डॉक्टर काय म्हणाले, मी काय सांगितलं, प्रवेशाचं, त्या शब्दाचं. वारा होता, मला वाटलं अर्धं ऐकूच गेलं नसेल. कांदा साठवायच्या एका बराखीपाशी त्यांनी गाडी कडेला घेतली. उतरले नाहीत. हेल्मेटही काढलं नाही. शेतातून माणसं कांद्याची रोपं घेऊन चालली होती. त्यातल्या एकाने ‘काय अण्णा’ म्हणून हात केला, अण्णांनीही केला.

तो पुढे गेल्यावर म्हणाले, “म्हंजे, व्हतं कायतरी.”

मी उतरून त्यांच्या शेजारी उभी राहिले.

“मला वाटलं मी खोटाय.”

एवढंच. मग हेल्मेट काढून त्यांनी खिशातून फोन काढला आणि बबनकाकांना लावला. मी ऐकत होते. “बबन्या, म्या मगाशी सांगितलं ते धरू नगंस. डॉक्टरनं मला आराम कर म्हनूनच सांगितलं व्हतं. मीच घरी कुनाला बोललो नव्हतो, कामापायी. लाज वाटली. तू जा दाखवायला. उद्याच जा. टँकर ऱ्हाऊ दे.” पलीकडून बबनकाका काहीतरी विचारत होते, बहुतेक माझ्याबद्दल. कारण अण्णा म्हणाले, “तिला काय म्हाईत? पोरगी व्हती ती. मीच तिच्यापासून लपवलं.”

मी त्यांच्या शेजारी उभी होते. हात पुढे करून फोन घेता आला असता. ‘काका, लपवलं मी’ — हे तीन शब्द. मी बराखीच्या कुडाकडे बघत राहिले. अण्णांनी फोन ठेवला आणि म्हणाले, “बस मागं. आई वाट बघत आसंल.”

अण्णांनी शेठला सांगितलं आहे. या हंगामाचं बेणं निघालं की ते येणार नाहीत. शेठ म्हणतो, आधी दुसरा माणूस द्या. अजून मिळालेला नाही, म्हणून अण्णा अजून जातात. पुढे घर कसं चालेल हे आम्हाला कुणालाच नीट माहीत नाही. नव्याने माल ठेवायला येणाऱ्यांच्या पहिल्या गोणीला ते हात लावत नाहीत. “डॉक्टरनं नगं सांगितलंय,” म्हणतात, आणि खरंच, त्यापुढे कुणी काही बोलत नाही.

भावकीत सगळ्यांना माहीत आहे की अण्णांनी आपला आजार पोरीपासूनसुद्धा लपवला, पोरीच्या शिक्षणासाठी. असं सांगताना बायका माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी ते खोडून काढलेलं नाही.

पुण्याच्या डॉक्टरांकडे ते महिन्यातून एकदा जातात. मी तिथेच राहते, दवाखाना हॉस्टेलपासून लांब नाही. पण ते मला बोलवत नाहीत. एकटे एसटीने येतात, एकटे परत जातात. घरी गेल्यावर आई विचारते, डॉक्टर काय म्हणाले? ते तिला सांगतात, सगळं, एक शब्द न गाळता. मी सुट्टीला घरी असले तर दाराशी उभी राहून ऐकते.