नुहादचं शेवटचं प्रकरण

नुहाद सावायाच्या कादंबऱ्यांचा आम्हाला पहिल्यापासून अभिमान होता, असं माँट्रियलची आमची लेबनानी मंडळी आता छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं! माझ्याच बेकरीत झातरचा मसाला लावलेल्या गरम रोट्या हाणत तिला नावं ठेवणारे मी याच कानांनी ऐकलेत.

दिवसभर ती औषधांच्या दुकानात उभी असायची आणि संध्याकाळी माझ्या भट्टीजवळच्या टेबलावर येऊन लिहायची. तेही अरबीत. "फ्रेंचमध्ये लिहा, चार लोक वाचतील," असं एक प्रकाशक म्हणाला, तर म्हणते कशी, "मग त्या चौघांना अरबी शिकवा."

तिचा मोठा भाऊ वदी. लढाईच्या काळात बैरूतच्या एका नाक्यावरून त्याला उचललं, तो परत आलाच नाही. आई इथं येऊन म्हातारी झाली, पण तिनं सुतकाचे काळे कपडे घातले नाहीत की सांत्वनाची बैठक होऊ दिली नाही. आमच्यात आईला थोरल्या लेकाच्या नावानं हाक मारतात. तिला सगळे अजून उम्म वदी, म्हणजे वदीची आई, म्हणतात.

आणि नुहादच्या नव्या कादंबरीचा शेवट होता वदीसाठीची तीच सांत्वनाची बैठक! बातमी फुटली तशी नुहादची जोर्जेतमावशी बेकरीत येऊन कडाडली, "सख्ख्या भावाला कागदावर मारतेस? आईचा तरी विचार कर!"

"आधी आईलाच वाचून दाखवणार," नुहाद म्हणाली. "ती नको म्हणाली तर पुस्तक छापणार नाही. पण शेवट बदलणार नाही."

इतक्या वर्षांची मेहनत एका म्हातारीच्या शब्दावर!

रविवारी, माझ्या देखतच, उम्म वदी आपल्या स्वयंपाकघरात तब्बूलेच्या कोशिंबिरीसाठी पार्सली चिरत होती. नुहाद वाचू लागली. ओळीनं मांडलेल्या खुर्च्या, घरच्यांचे हात धरत पुढं सरकणारी माणसं, बिनसाखरेची कॉफी. चिरणं थांबलं.

प्रकरण संपल्यावर म्हातारीनं विचारलं, "बायकांच्या रांगेत कोण कोण बसलंय?"

"मी, आत्या, जोर्जेतमावशी. ती रडतेय."

"ती रडणारच. लग्नातसुद्धा रडते. आणि मी कुठं आहे?"

"तुला नाही बसवलं, आई. माझा धीर झाला नाही."

"वेडी कुठली! आलेली माणसं आधी कुणाचा हात धरतील? पहिल्या खुर्चीवर मी. लिही, आत्ता, माझ्यासमोर."

नुहादनं पेन उचललं. पहिल्या खुर्चीवर तिनं आईला बसवलं.